फिके पाडल्याचा दाखला

इंग्रजी भाषेशी माझं भांडण कधीच नव्हतं. ती तिच्या जागी, मी माझ्या. ड्रॉइंग ऑफिसात लागतं तेवढं इंग्रजी मला येतं: डावीकडे, उजवीकडे, मिलिमीटर आणि 'सुधारून पुन्हा सादर करा'. एवढ्या भांडवलावर मी भोपाळला पिपलानीच्या कारखान्यात एकतीस वर्षं काढली आणि रिटायर होईपर्यंतची उरलेली दोनही तशीच निघाली असती. पण ब्याण्णव सालच्या फेब्रुवारीत 'आउटशाइन' नावाचं एक क्रियापद तीन प्रतींत माझ्या टेबलावर येऊन पडलं, आणि तेव्हापासून माझं काही बरं चाललेलं नाही.

त्याचं झालं असं. आमच्या ऑफिसात अधिकाऱ्याची एक जागा रिकामी झाली. एकच. आम्ही ड्राफ्ट्समन मंडळी एकूण आठ. आमच्याकडे बढतीची पद्धत आंब्यासारखी होती. वेळ झाली की ती आपोआप पडायची, आपण फक्त झाडाखाली उभं राहायचं. मी एकतीस वर्षं उभा होतो. मला त्या जागेचं दुसरं काही नको होतं. फक्त एकदा, रिटायर होण्यापूर्वी, कोणीतरी मला साहेब म्हणावं एवढीच इच्छा होती. हे सांगायला लाज वाटते, पण खरं आहे. कारखान्यात मी सगळ्यांचा 'वजलवारजी' होतो. नागपूरच्या वझलवारांचं दुसरं अक्षर भोपाळने केव्हाच बदलून टाकलं, ते मी सोसलं. पण शेवटचा 'जी' मात्र मला अलीकडे बोचायला लागला होता. आणि ही शेवटची संधी होती.

नेमकं त्याच वर्षी वरच्या लोकांना वाटलं की आंबा पडण्याची वाट बघणं अशास्त्रीय आहे. त्यांनी एम. पी. नगरमधली एक सल्लागार कंपनी नेमली. कंपनीने सोळा प्रश्नांचा फॉर्म काढला. पंधरा प्रश्न गरीब होते. अकरावा असा होता: गेल्या वर्षातला असा एक प्रसंग लिहा, ज्यात तुम्ही एखाद्या सहकाऱ्याला आउटशाइन केलंत.

कंपनीचा गुन्हा एवढाच. पुढचा आमच्या कारखान्याचा. आमच्याकडे आजारी पडल्याला डॉक्टरचा दाखला लागतो, छत गळल्याला ओव्हरसियरचा दाखला लागतो, जिवंत असल्याचाही दाखला लागतो. मग एखाद्याने दुसऱ्याला आउटशाइन केलं हे नुसत्या त्याच्या शब्दावर कसं मानायचं? म्हणून कार्मिक विभागाने प्रश्नाखाली एक ओळ आपल्या पदरची घातली: संबंधित सहकाऱ्याची पुष्टीदाखल सही आवश्यक. फॉर्म राजभाषा विभागातून फिरून आला तेव्हा हिंदी प्रतीत छापलं होतं, 'जिस सहकर्मी को निष्प्रभ किया गया, उसके हस्ताक्षर.' तारीख आणि शिक्क्यासाठी चौकोनही होता.

आमच्या वरच्या क्वार्टरमध्ये विश्वास टोकेकर राहतात. बारा वर्षांपूर्वी पुण्याहून बदलून आले, पण अजून पुढच्याच आठवड्यात परत जाणार असल्यासारखे बोलतात. टाउनशिपमधल्या मराठी मंडळींत इंग्रजीचा शेवटचा शब्द त्यांचा. ते जाड डिक्शनरी घेऊन खाली आले आणि खुर्चीत बसले.

"हे बघा वझलवार, नुसतं शाइन म्हणजे चमकणं. ते माणूस एकटासुद्धा करू शकतो. पण आउटशाइन करायला दुसरा माणूस लागतो, आणि तोही थोडाफार चमकणारा. अंधारात बसलेल्या माणसाला तुम्ही आउटशाइन करू शकत नाही. दिवसा लावलेल्या दिव्यासारखं त्याला वाटायला हवं."

"म्हणजे ग्रहण?" मी विचारलं.

"छे छे. ग्रहणात मध्ये कोणीतरी आडवं येतं. तुमच्या ऑफिसात ते नेहमीच येतात. इथे तुम्ही आडवं यायचं नाही, फक्त जास्त उजळ व्हायचं."

अशी पाऊण तास उदाहरणं झाली. माझी बायको सुनंदा आत लसूण सोलत होती. ती तिथूनच म्हणाली, "म्हणजे दुसऱ्याला फिकं पाडणं. त्यात एवढं काय सांगायचंय?"

टोकेकरांनी डिक्शनरी मिटली. मराठीत अर्थ इतका लवकर सापडलेला त्यांना आवडत नाही. पण सुनंदा तिथेच थांबली असती तर ती सुनंदा कसली. लसणाची ताटली घेऊन ती बाहेर आली आणि तिने साध्या कुतूहलाने विचारलं, "मग तुम्ही कोणाला फिकं पाडलंय?"

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. बरीच वर्षं डोळ्यांपुढून गेली, पण त्यात असं कोणी दिसेना.

टोकेकरांनी सल्ला दिला की रिटायर झालेला माणूस गाठा, त्याला सही करायला काय जातंय. मी कार्मिक विभागात खरेसाहेबांकडे विचारायला गेलो. हे खरे आपले नव्हेत, सागरकडचे कायस्थ आहेत. कारखान्यात नवा आलेला प्रत्येक मराठी माणूस पहिल्या दिवशी त्यांच्याशी मराठीत बोलून तोंडघशी पडतो. ते म्हणाले, "वजलवारजी, निष्प्रभ व्यक्ति रोल पर होना चाहिए। उसी सेक्शन का, उसी ग्रेड का। रिटायर आदमी तो पहले से निष्प्रभ है, उसमें आपका क्या योगदान?"

बिनतोड होतं. मग माझ्या मनात आलं की आपण आपल्यालाच फिकं पाडलं असं लिहिलं तर? गेल्या वर्षीच्या वझलवारला यंदाच्या वझलवारने. सहीचाही प्रश्न सुटत होता. यावर खरेसाहेब म्हणाले, कंपनीलाच विचारून या. मी अर्धी रजा टाकली, स्कूटर नेहमीप्रमाणे आडवी करून सुरू केली आणि एम. पी. नगरला गेलो. कंपनी एका कोचिंग क्लासच्या वर होती. जिन्यात डॉक्टर आणि इंजिनियर व्हायला निघालेली दोनशे मुलं उभी होती, आणि त्यांतला प्रत्येक जण उरलेल्या एकशे नव्व्याण्णवांना फिकं पाडायला आला होता. त्यांच्यातून वाट काढत मी वर पोचलो तेव्हा माझा शर्ट बाहेर आला होता. टायवाल्या गृहस्थांनी माझं म्हणणं शांतपणे ऐकलं. "सर, वो तो इम्प्रूवमेंट हुआ," ते म्हणाले. "वो प्रश्न नौ में है।" प्रश्न नऊमध्ये मी 'नाही' लिहून बसलो होतो.

मग एकच उपाय उरला. ऑफिसातलाच एखादा गाठून तोंड वेंगाडायचं. मी सुरेश पटेरियाची निवड केली. पटेरिया माझ्याहून अकरा वर्षांनी लहान, हसतमुख, सगळ्यांच्या लग्नात वाढायला पुढे असलेला माणूस. मी त्याच्या टेबलाशी गेलो, घसा साफ केला, एवढ्यात त्यानेच ड्रॉवर उघडला.

"अरे वजलवारजी, मैं खुद आपके पास आ रहा था। ग्यारह नंबर में मैंने आपका नाम लिखा है। ट्रेसिंग की स्पीड में। बुरा मत मानिएगा, आपसे अपनापन है इसलिए। बस यहाँ साइन।"

पेनाचं टोपण त्याने आधीच काढून ठेवलं होतं. एकतीस वर्षं सरकारी कागदावर सही करणाऱ्या माणसाचा हात टोपण काढलेलं पेन पाहिलं की आपोआप पुढे होतो. सही करून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की मी मागायला आलो होतो आणि देऊन चाललो आहे.

ही बातमी दुपारच्या चहाला पसरली. वजलवारजी सही देतात. दुसऱ्या दिवशी दोघं आले. एकाने मला अक्षराच्या वळणात फिकं पाडलं होतं, दुसऱ्याने वक्तशीरपणात. वक्तशीरपणावाला साडेदहाला येतो. मी ते त्याला म्हणालोही, पण तो म्हणाला, "जी, लेकिन रोज़ साढ़े दस को आता हूँ।" मी सही केली. तिसऱ्या दिवशी गजानन मुंशी आला. त्याने पेढे आणले होते आणि सौजन्यात मला मागे टाकल्याचा दावा केला होता. पेढे समोर ठेवल्यावर हा दावा मला नाकारता येईना. चौथ्या दिवसापर्यंत आठांपैकी सहा जणांच्या फॉर्मवर निष्प्रभ म्हणून माझी सही, तारीख आणि शिक्का झाला होता. आठवा मी होतो.

खरेसाहेबांनी बोलावून घेतलं. टेबलावर सहा फॉर्म ओळीने मांडले होते. "वजलवारजी," ते हळू आवाजात म्हणाले, "घर में सब ठीक है ना?" मी हो म्हणालो. मग ते म्हणाले की नियमात सह्यांना मर्यादा नाही, पण एक अडचण आहे. ज्यांच्यापुढे मी फिका आहे असं मी लिहून दिलंय, त्यांनाच मी फिकं पाडलं असं आता लिहिता येणार नाही. रेकॉर्डमध्ये विसंगती येईल. "अब सिर्फ लाखेजी बचे हैं," ते म्हणाले. "वो छुट्टी पर हैं। सोमवार पाँच बजे तक का टाइम है।"

आता काशिनाथबद्दल सांगायला हवं, आणि इथे मला विनोद सुचत नाही.

काशिनाथ लाखे आर्वीचा. आम्ही दोघं एकाच दिवशी नोकरीला लागलो. तो नकाशा काढायचा, मी तपासायचो. सरळ रेघ मारावी ती काशिनाथनेच. पण गेल्या दीड वर्षात त्याच्या रेघा भलतीकडे जायला लागल्या. आकडे चुकायला लागले, भोकं शेजारच्या भोकांवर चढायला लागली. त्याला काचबिंदू झाला होता. हे त्याने मला कधी सांगितलं नाही, लीलावतीवहिनींनी सुनंदाला सांगितलं. ड्राफ्ट्समनचे डोळे गेल्याचं ऑफिसला कळलं की मेडिकल बोर्ड बसतं, आणि मग एक तर माणूस घरी जातो, नाही तर गेटवर पास तपासायला बसतो. काशिनाथला अजून चौदा महिने काढायचे होते. म्हणून मी त्याच्या चुका गुपचूप पुसून दुरुस्त करायचो आणि 'तपासलं' म्हणून सही करायचो. परत पाठवला तर नोंद होते. मी एकही नकाशा परत पाठवला नाही. आताच्या रजेच्या अर्जात त्याने डोळे आल्याचं लिहिलं होतं. खरं तर ते चालले होते.

म्हणजे त्या कारखान्यात ज्याला मी खरोखर मागे टाकलं होतं असा एकच माणूस होता, आणि तो माझा मित्र होता.

शनिवारी रात्रभर मी त्याच्यापुरता काहीतरी निरुपद्रवी प्रसंग शोधला. पण खरेसाहेबांनी बजावलं होतं, प्रसंग कामाचा हवा. मग रविवारी सकाळी मी लिहून टाकलं: लाखे यांच्या नकाशांतल्या चुका मी वर्षभर शोधून दुरुस्त केल्या. अक्षर छान आलं. इतकं छान की मला स्वतःची शिसारी आली. सुनंदाने वाचलं आणि काही न बोलता माझी चप्पल पुढे सरकवून ठेवली. ती जा म्हणत होती की जाऊ नका, ते मला आजही ठाऊक नाही.

काशिनाथ खाटेवर बसून ट्रान्झिस्टर ऐकत होता. लीलावतीवहिनींनी चहा टाकला. मी कारखान्यातल्या सगळ्या फुटकळ बातम्या सांगून संपवल्या. शेवटी म्हणालो, "एक सही हवी होती."

"कसली?"

"अशीच. ऑफिसची."

"वाच."

"अरे, नेहमीचंच आहे."

"वाच रे," तो म्हणाला. त्याने ट्रान्झिस्टर बंद केला.

मी वाचलं. वहिनी कपबशी घेऊन दारातच थांबल्या होत्या.

"किती होत्या चुका?" त्याने विचारलं.

"मोजल्या नाहीत." मी मोजल्या होत्या.

"मला माहीत होतं," तो म्हणाला. "तू तपासलेल्या नकाशावर बोट फिरवलं की तुझी रेघ लागायची. रेघ थांबवताना तू पेन्सिल दाबतोस. पहिल्यापासून दाबतोस. मला वाटायचं, तू सांगशील. मग वाटलं, बरंय, नाही सांगत ते."

"काशिनाथ, हे गेलं तर बोर्ड बोलावेल तुला."

"बोलावू दे. किती दिवस माझ्या रेघा ओढशील? तू एकदाचा साहेब हो. आपल्या दोघांत एक तरी होऊ दे." त्याने हात पुढे केला. "बोट ठेव, सही कुठे करायची तिथे."

मी चौकोनात बोट ठेवलं. त्याची अर्धी सही कागदावर आणि अर्धी माझ्या नखावर आली.

सोमवारी पावणेपाचला मी खरेसाहेबांसमोर उभा होतो. फॉर्म कोटाच्या आतल्या खिशात होता आणि हात तिथपर्यंत जात नव्हता. मला माझ्या मनाच्या थोरवीचं काही सांगायचं नाही. मी दोनदा खिशाकडे हात नेला होता. दोन्ही वेळा नख दिसलं. सोमवारी सकाळी घासूनही शाई गेली नव्हती. शेवटी मी म्हणालो, "एक कोरा फॉर्म मिलेगा?" पंधरा प्रश्न मी तिथेच पटापट भरले आणि अकराव्यापुढे लिहिलं, 'लागू नहीं'.

खरेसाहेबांनी चष्मा काढला. "वजलवारजी, इस प्रश्न पर 'लागू नहीं' लागू नहीं है।"

"तो फिर खाली छोड़ दीजिए."

"खाली तो अपूर्ण हो जाएगा।" मग त्यांनी 'अपूर्ण'चा शिक्का उचलला आणि तो फार हळू मारला. वाईट माणूस नव्हे तो.

काशिनाथला मी हे सांगितलं नाही. तीनदा त्याच्या घराच्या कोपऱ्यापर्यंत गेलो आणि परतलो. जाऊन काय सांगायचं? की तू मोठ्या मनाने दिलंस आणि मी त्याहून मोठ्या मनाने घेतलं नाही? आधी डोळ्यांच्या बाबतीत त्याला मागे टाकलं, आता दिलदारीतही टाकायचं. सुनंदा म्हणाली, "सांगून मोकळे व्हा." टोकेकर म्हणाले, "सांगू नका, वेळ जाऊ द्या." आयुष्यात पहिल्यांदा मी टोकेकरांचा सल्ला जसाच्या तसा पाळला.

तीन आठवड्यांनी, एका गुरुवारी, यादी लागली. पटेरिया. तो पेढे घेऊन सर्वांत आधी माझ्या टेबलाशी आला आणि माझे दोन्ही हात धरून म्हणाला, "वजलवारजी, इसमें आपका बड़ा हाथ है।" ते अक्षरशः खरं होतं. मी म्हणालो, "बधाई हो, साहब." तोंडातून नीट निघालं. सरावाचा भाग आहे.

त्याच दुपारी खरेसाहेब जिन्यात भेटले. "लाखेजी का सुना आपने?" त्यांनी विचारलं. "पंद्रह दिन हुए, स्वेच्छा से रिटायरमेंट की अर्जी भेजी थी। मंज़ूर हो गई। कल वर्धा जा रहे हैं, बेटे के पास। मैंने पूछा था, इतनी जल्दी क्या है? बोले, बोर्ड बुलाए, उससे पहले खुद उठना अच्छा।"

कोणतंही बोर्ड त्याला बोलावणार नव्हतं. ज्या कागदाच्या भीतीने तो उठला होता तो कागद माझ्या कोटात होता. मी खरेसाहेबांना अर्ज मागे घेता येईल का म्हणून विचारलं. ते म्हणाले, मंजुरीनंतर नाही.

शुक्रवारी सकाळी मी आणि सुनंदा त्याच्याकडे गेलो. सुनंदाने वाटेसाठी पोळ्या आणि सुकी भाजी बांधून घेतली होती. टोकेकरही आले, कारण टाउनशिपमधून कोणी जात असेल तर सामान कसं लावावं हे सांगायला ते जातातच. ट्रक जवळजवळ भरला होता. काशिनाथ पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी चढून बसला होता. वहिनी मागून क्वार्टरची किल्ली देऊन आल्या.

मी खिडकीशी गेलो. वाटेत मनाशी पूर्ण वाक्य जुळवलं होतं: काशिनाथ, मी तो फॉर्म दिलाच नाही. मी तोंड उघडलं, पण माझ्या पावलांवरून त्याने मला आधीच ओळखलं होतं.

"भालचंद्र ना? यादी लागली का रे?"

"लागली," मी म्हणालो. "काल."

"मग? झालास का साहेब?"

तो वाट बघत होता. त्याचा चेहरा माझ्याकडे होता, पण नजर जरा बाजूला, ट्रकच्या आरशावर होती. टोकेकरांनी घसा साफ केला. चुकीची माहिती त्यांना सहन होत नाही, आणि माझ्या तोंडावर काय येणार आहे ते त्यांना दिसलं असावं.

"झालो," मी म्हणालो.

काशिनाथ हसला. गेल्या दीड वर्षात मी त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं. "ऐकलंस का गं," तो वहिनींना म्हणाला, "भालचंद्र साहेब झाला."

वहिनींनी सुनंदाकडे पाहिलं. एकतीस वर्षांत सुनंदाने माझं एक वाक्य दुरुस्त केल्याशिवाय सोडलेलं नाही. तिने पोळ्यांचा डबा वहिनींच्या हातात दिला आणि म्हणाली, "हो, कालच ऑर्डर आली. आता ऐकवत नाही यांची मिजास."

ट्रक सुरू झाला. काशिनाथने खिडकीतून हात बाहेर काढला आणि माझ्याऐवजी शेजारी उभ्या असलेल्या टोकेकरांकडे बघून तो म्हणाला, "येतो, साहेब."

टोकेकर काही बोलायच्या आत मी म्हणालो, "ये."